दर लाखामागे एक लाख साडेबारा हजार

दिनांक : गुरुवार, टपालाची वेळ टळू नये म्हणून सकाळीच

प्रति,
मा. उपसंचालक (नकाशे व दर),
प्रादेशिक कर्करोग नोंदणी कक्ष,
तिसरा मजला, लिफ्ट बंद असल्यास मागचा जिना.

विषय : अर्जदाराच्या राहत्या घरी नोंदवलेले कर्करोग ज्याच्या त्याच्या गावी परत पाठवण्याबाबत, तसेच येत्या सोमवारी रुग्णालयाच्या खिडकीवर कोणता पत्ता सांगावा, याचे मार्गदर्शन मिळण्याबाबत.

संदर्भ : अर्जदाराच्या पहिल्या अर्जास आपल्या कक्षाने दिलेले उत्तर, ज्यात 'एका व्यक्तीस एकच पत्ता' एवढेच नमूद आहे.

महोदय,

१. अर्जदार कॉलेजात भूगोल शिकवतो. कर्करोग रुग्णालयाच्या मागच्या फाटकासमोर जी इमारत आहे, तिच्या दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, एवढ्यात तो बायकोसह राहतो. त्याचे मूळ गाव बसने सहा तासांवर. त्याची थोरली बहीण, म्हणजे ताई, तिथेच राहते. तिची मुले अर्जदाराला मामा म्हणत. पुढे सगळ्या गावाने हे नाते आपसांत वाटून घेतले. अर्जदाराहून वयाने मोठी माणसेही त्याला मामाच म्हणतात. कक्षाला ही माहिती घरगुती वाटेल, पण आपल्या नकाशावरचा सर्वांत लाल ठिपका याच नात्यातून उगवलेला आहे.

२. रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर फलक आहे : 'शहरवासीयांना पुढील आठवड्याची तारीख. बाहेरगावच्यांना तीन महिन्यांनंतरची.' रोगाला वाचता येत नसल्यामुळे तो कुणासाठीच तीन महिने थांबत नाही. अर्जदाराच्या चुलत वहिनी पहिल्यांदा या खिडकीशी रडत उभ्या होत्या, तेव्हा आतल्या बाबूंना दया आली. ते म्हणाले, "अहो बाई, इथं आपलं कुणी माणूस नाही का? असेल तर त्याचा पत्ता सांगा की! कशाला तीन महिने घालवता?" वहिनींनी डोळे पुसून अर्जदाराचा पत्ता सांगितला. आठवड्याने उपचार सुरू झाले. वहिनी आज ठणठणीत आहेत, आणि गावात जाऊन त्यांनी ही युक्ती कुणापासून लपवून ठेवली नाही.

त्यानंतर न्हावी आला. शिवणकाम करणारी मावशी आली. बसचा कंडक्टर आला, त्याची सासू आली. कारखान्याचा पहारेकरी आला, तो तर रात्री झोपेतही उठून दाराची कडी तपासत असे. सगळे अर्जदाराकडेच उतरले आणि सगळ्यांनी खिडकीवर त्याचाच पत्ता सांगितला. अर्जदाराची बायको कुणालाही नाही म्हणत नाही, फक्त एकदा चहा गाळता गाळता म्हणाली, "आता आपल्या गाद्यांवर नंबर तेवढे टाकायचे राहिलेत."

३. यंदा आपल्या कक्षाने प्रदेशाचा तीन वर्षांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात अर्जदाराची इमारत हा स्वतंत्र विभाग धरला आहे. इमारतीत लहानमोठी चाळीस माणसे राहतात. नोंदलेले रुग्ण पंचेचाळीस. सबब आपण दर काढला आहे तो असा : दर लाखामागे एक लाख साडेबारा हजार. अर्जदाराने हा आकडा वर्गात फळ्यावर लिहून पाहिला. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "सर, म्हणजे लाखातले लाख आजारी, हे कळलं. वरचे साडेबारा हजार कोण?" आपल्या अहवालात या दराचे वर्णन 'चिंताजनक, तथापि अधिक अभ्यासाची गरज' असे केले आहे. तथापि हा शब्द तिथे इतका शोभून दिसतो की अर्जदाराने तो वाक्यासकट पाठ केला.

४. अभ्यासासाठी आपले पथक तीनदा आले. पाण्याच्या टाकीत उतरले. भिंतीचा रंग खरवडून पुडीत भरला. अर्जदाराच्या बायकोला तेल किती वेळा तापवता, असे विचारले आणि तिने सांगितलेल्या उत्तरावर एकमेकांकडे पाहिले. अर्जदाराने पथकप्रमुखांना हात जोडून सांगितले, "अहो, हे सगळे पाहुणे होते. आले, बरे झाले, गेले. काही बिचारे बरे न होता गेले. पण आजार इथला नाही."

पथकप्रमुख वयाने लहान होते आणि स्वभावाने सज्जन. ते म्हणाले, "काका, पटतंय मला. पण पाहुणा असा रकाना नाही ना आमच्याकडे."

"मग काय लिहिताय?"

"रहिवासी."

टाकीचे पाणी उत्तम निघाले. भिंतही निर्दोष सुटली. त्यावरून 'कारण अज्ञात' असा निष्कर्ष निघाला, आणि अज्ञात कारणाला माणूस जेवढा भितो तेवढा माहीत असलेल्याला भीत नाही. आता दूधवाला पिशव्या खालीच ठेवून पळतो. चौथ्या मजल्यावरचे तात्या जिना चढताना अर्जदाराच्या दारापुरता श्वास रोखतात. त्यांना दमा आहे, त्यामुळे हे त्यांना परवडणारे नाही. तपासणीची गाडी दर मंगळवारी फाटकाशी उभी असते. इमारतीतल्या सर्व बायका आजवर तीन-तीनदा तपासून झाल्या, सर्व धडधाकट आहेत. गाडीतली परिचारिका कंटाळून स्वेटर विणते आणि खालच्या मजल्यावरच्या बाई तिला टाके मोजायला मदत करतात.

५. इकडे मूळ गावी काय झाले, तेही निवेदन करणे भाग आहे. गावच्या नदीकाठी रंगांचा कारखाना आहे. कारखान्याला ज्या रंगाची मागणी येते, त्या रंगाची नदी वाहते. पण गावचे सर्व रुग्ण अर्जदाराच्या दोन खोल्यांत मोजले गेल्यामुळे आपल्या अहवालात गावचा दर शून्य आला. आपण गावास 'कर्करोगमुक्त' असे प्रमाणपत्र दिले. ते कारखान्याच्या व्यवस्थापकांनी काच लावून फाटकावर टांगले आहे. नदीबद्दल कुणी तक्रार घेऊन गेले, की ते खुर्चीतून न उठता बोटाने प्रमाणपत्र दाखवतात. ते रोज पुसण्याचे काम उपरोक्त पहारेकऱ्याकडे आहे, जो खुद्द आपल्या नोंदीनुसार अर्जदाराच्या घरी कर्करोगाने आजारी आहे.

जिथे रोग नाही तिथे यंत्र कशाला, या न्यायाने गावच्या दवाखान्यातले स्तनतपासणीचे यंत्र या महिनाअखेरीस हलवण्याचा आदेश निघाला आहे. कुठे हलवणार? तर अर्जदाराच्या इमारतीखाली, जिथे सध्या स्कूटर लावतात.

६. आता मुख्य गाऱ्हाणे. गेल्या आठवड्यात त्या यंत्रावर ताईला गाठ सापडली. ताई आयुष्यात कधी दवाखान्यात स्वतःसाठी गेली नव्हती. यंत्र चालवणाऱ्या बाईंनी "मशीन जाण्याआधी एकदा तपासून घ्या, फुकट आहे" म्हणून हाताला धरून नेले. बाईंनी सांगितले, लवकर सापडली आहे, पण आता दिवस घालवू नका.

अर्जदाराने फोनवर सांगितले, "ताई, रविवारी ये. सोमवारी खिडकीवर माझा पत्ता सांगू, आठवड्यात नंबर लागेल."

ताई म्हणाली, "मी नाही सांगणार तुझा पत्ता."

"अगं, सगळं गाव सांगतं!"

"म्हणून तर मशीन इथून चाललंय! माझी गाठ तुझ्या घरात मोजली की इथं पुन्हा शून्य. उद्या शेजारच्या सुनेला कोण हाताला धरून नेणार? तुझे ते तात्या?"

"ताई, तीन महिने थांबावं लागेल."

"थांबीन."

"गाठ थांबेल का?"

मग ती म्हणाली, "बरं. तू शिकलेला आहेस. खिडकीवर तूच बोल. तू सांगशील तो माझा पत्ता." लहानपणापासून अर्जदाराचे सगळे निर्णय ताईने घेतले; शाळा, कॉलेज, बायकोसुद्धा. तिने पहिल्यांदाच निर्णय त्याच्यावर सोडला आहे आणि तोही हा.

७. सबब अर्जदाराची विनंती अशी, की रुग्णाला तारीख देताना तो कुठे उतरला आहे ते पाहावे, आणि रोग मोजताना तो जन्मभर कुठले पाणी प्यायला ते पाहावे. त्यासाठी दोन रकाने लागतील. कागदाला आडवी रेघ मारता येते, तशी उभीही येते. हवी असल्यास अर्जदार पट्टी घेऊन स्वतः हजर होईल. पहिले पंचेचाळीस जण कोणत्या गल्लीतले, हे तो नावानिशी सांगू शकतो, कारण सकाळी प्रत्येकाला चहा त्यानेच दिला आहे. तोवर यंत्र जागचे हलवू नये.

हे सर्व सोमवारपर्यंत होणार नाही, हे अर्जदाराला समजते. परंतु सोमवारी सकाळी खिडकी उघडेल. बाबू दयाळू आहेत, ते ताईकडे न पाहताच "मामांकडेच ना?" असे विचारतील आणि पेन टेकवतील. ताई अर्जदाराच्या तोंडाकडे बघेल. त्या वेळी अर्जदाराने काय बोलावे, हे कृपया शनिवारी कार्यालय बंद होण्यापूर्वी कळवावे. कळवले नाही, तर अर्जदार आपल्याच घरचा पत्ता सांगेल, आणि गावाचे आरोग्य आणखी एकाने सुधारेल.

उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,
(सही)
ताईचा धाकटा भाऊ, गावाचा मामा,
व आपल्या नकाशावरील लाल ठिपक्याचा कायम रहिवासी