नीलगिरीखालून जाऊ नये

बाबा, काल माहेरी गेले होते. तुमच्या नातीला, वहिनीच्या लेकीला, दिवस गेलेत, डॉक्टरीणबाईंनी रोज चालायला सांगितलंय. तिनं सेमिनरी हिल्सच्या टेकडीचं नाव काढताच वहिनी म्हणाली, "पोटुशीनं नीलगिरीखालून जाऊ नये वं, पोथीत आहे." म्हणून आज कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर हे लिहायला बसले.

टेकडीवरची ती पायवाट माझी होती. दहा मिनिटांत संपणारी, पण तुमचं बोट धरून चढताना अर्धा तास लागायचा, कारण तुम्ही झाडाझाडापाशी थांबायचात. साग, बेल, पळस आपले. नीलगिरी परदेशातून आलेली. तिचं पान चुरगाळून माझ्या नाकाशी धरायचात, "सर्दी झाली की हिच्याच गळ्यात पडाचं!" मॅट्रिक झाले, चूल माझ्याकडे आली आणि ते फिरणं सुटलं. मग वहिनी घरात आली. तिला दिवस गेले, फोडणीच्या वासानं मळमळायचं, तर तुम्ही रोज सकाळी तिला घेऊन टेकडीवर निघू लागलात. मी एकदा विचारलं, "मी येऊ?" म्हणालात, "तू काय, घरचीच आहे. तिले करमत नाही इथं." श्रावणातल्या सोमवारी बेल आणायच्या निमित्तानं मी मागून आले. वळणापलीकडून तुमचा आवाज आला, "सर्दी झाली की सूनबाई, हिच्याच गळ्यात पडाचं!" वहिनी खळखळून हसली. मी बेल न तोडताच परतले.

त्या संध्याकाळी पोथी मिटता मिटता मी वहिनीला तो नियम सांगितला. घरात पोथी वाचणारी मी एकटी, माझ्या शब्दावर कोण शंका घेणार? तिनं पोटावर हात ठेवला. "बरं झालं सांगितलं, ताई." सकाळी तुम्ही चपला घालून अंगणात उभे, ती बाहेर आलीच नाही. मी पदर खोचून दारात तयार. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, चपला काढल्यात आणि म्हणालात, "राहू दे आज." पुन्हा तुम्ही जाईपर्यंत टेकडी चढलाच नाहीत.

पोथीत तसं काही नाही, बाबा. देवापुढं नाक घासून झालं, वहिनीपुढं मात्र तोंड उघडत नाही. हा कागदही सकाळी शेगडी पेटवायला जाईल. काल तिनं वळून मला विचारलं, "हो ना, ताई?" खरं सांगायची वेळ तीच होती. पण त्याआधी पोरगी तिला म्हणाली होती, "चाल ना आई, आपण दोघीच जाऊ." मी वहिनीला म्हटलं, "हो, पोथीत आहे."