रोलरवरचा आकडा

रविवार, संध्याकाळ

इंजिनाची ताकद मोजणाऱ्या डायनो मशीनच्या रोलरवर, मीच तयार केलेल्या समीरच्या बाइकचा हॉर्सपॉवरचा आकडा पाहून मीच गॅरेजभर पेढे वाटले होते. आज तिलवाऱ्याजवळच्या ड्रॅग रेसमध्ये ती साध्या कंपनी-फिटिंग बाइकच्या मागे पडली. सुटतानाच मला ऐकू आलं. इंजिन ओरडतंय, गाडी ओढत नाही. क्लच घसरत होता. रोलरवर जागेवरून झेप घ्यावी लागत नाही, तिथे क्लचचं घसरणं दिसत नाही, म्हणून आकड्याच्या नादात मी जुन्या क्लचप्लेटा तशाच ठेवल्या.

अन् सगळ्यांसमोर बोललो काय? "भैया, गाडीत दम आहे. तुलाच स्टार्टला नीट सोडता नाही आली."

"हो काका, माझंच चुकलं," समीर म्हणाला.

तो क्लच अजून कानात घसरून राहिला. उद्या गुपचूप नव्या प्लेटा टाकल्या, तर पुढची रेस जिंकून पोरगा माझ्याच पाया पडेल.