बांधीत वाटलेली कॅप्सूल

८ जुलै २०१३, सोमवार
गोंदियाच्या दवाखान्यातून आली. शुगरवाल्यांवर कसल्यातरी झाडपाल्याची कॅप्सूल तपासून राहिले. नसा मोकळ्या होतात का, हातापायात ताकद येते का, ते पाहणार. रोज दोन, तीन महिने. हातात एक यंत्र दिलं, म्हणे जोरानं दाबा. दाबलं. अल्का नर्स म्हणे, शुगरची गोळी बंद करायची नाही, कॅप्सूल कोणाला द्यायची नाही. मी म्हटलं, चौथी शिकली आहे, समजते मले. टिक मारायची वही दिली. नियमानं घेईन. आपलं काम पक्कं असते.

११ जुलै
धानाचा रोवणा सुरू, बांधीत चिखलात रोपं लावून राहिलो. बांधीच्या पाळीवर बसून सगळ्याजणींचे डबे एका जागी सुटतात, कोणी एकटी खात नाही. मग मी कॅप्सूल एकटी कशी गिळू? मोठी जाऊ दुर्पताबाई बाजूलाच. तिलाही शुगर, पायाला मुंग्या. साठीच्या वरची म्हणून दवाखान्यानं घेतलं नाही. नको नको करत होती, मीच तोंडात टाकली. हे देणं नाही, वाटून खाणं आहे. वहीत दोन टिका.

१९ जुलै
रोज एक तिची, एक माझी. जाऊबाई म्हणे, रुखमे, पाय हलके वाटून राहिले, शुगरची गोळी बंदच केली, कायले दोन-दोन खाऊ? बोलायला पाहिजे होतं. पण चिखलात वाकून कोण समजावते? उद्या सांगीन.
आठवड्याच्या टिका एकदमच मारल्या. रोज कोण पेन शोधते.

२६ जुलै
सांगितलं नाही. माझ्याआधी बांधी उरकते ती. मग बिघडलं कुठं?

३ ऑगस्ट
जाऊबाईच्या पायाच्या अंगठ्यात काच. कधी घुसली, तिलाच माहीत नाही. दुखलंच नाही म्हणे. मी चिखल धुतला, तर अंगठा काळा. हळद भरली. गोळीचं आज सांगणारच होती, पण तिचा डोळा लागला.

७ ऑगस्ट, बुधवार
जाऊबाई गोंदियाला भरती. शुगर चारशेवर. उद्या नऊ वाजता अंगठा कापतात.
मी कबूल करायला तोंड उघडलं, तर तीच खाटेवरून अल्का नर्सला म्हणे, हिला बोलू नका, मीच मागून खाल्ली. मी मान हलवली. हलली म्हणा.
नर्स म्हणे, अर्ध्या लोकांच्या कॅप्सूलमध्ये नुसतं पीठ असते, तुमच्यात काय होतं ते आम्हालाही माहीत नाही. मग वही उघडली. म्हणे, आज बुधवार, येत्या रविवारपर्यंत टिका कशा? मी म्हटलं, मला कामं आधी उरकायची सवय आहे. माझं नाव कापलं, वही ठेवून घेतली.
उद्या कापायच्या आधी जाऊन सगळं खरं सांगीन. आमच्या सौंदडहून गोंदियाची पहिली बस सकाळी सहाची.
दहाचीही आहे.