मिठाचा मान

प्रिय चिमटी,

पातेलं पोचलं. तुझ्या भावाने ते स्कूटरवर दोन पायांत धरून आणलं आणि दारातच माझ्या हातात दिलं. आत ये म्हटलं तर म्हणाला, गाडी भलत्याच जागी लावली आहे. चहा तरी घे म्हटलं तर म्हणाला, चहा सोडला. त्याला खोटं बोलायची सवय नाही, लगेच कान लाल होतात. जिना उतरता उतरता त्याने तुझा निरोप सांगितला, "ताई म्हणाली, ते त्या घरचं आहे, त्या घरी असू दे." निरोप्यावर रागावून काय करायचं?

पातेलं आतून-बाहेरून घासलंस, ते दिसतंच आहे. बुडाचा काळा डागसुद्धा काढलास. तो डाग माझ्या लग्नाच्या पहिल्या वर्षातला. चिंच, सोडा, राख, सगळं लावून मी थकले होते आणि शेवटी त्याला घरचाच माणूस मानला होता. तुम्ही कामावर दातांच्या कवळ्यांना चकाकी आणायला जी पूड वापरता, ती लावली असणार तू. इतकं लखलखीत करून पाठवलंस की क्षणभर वाटलं, कोणा दुसऱ्याचंच आलं. मग दोन्ही कान धरून उचललं आणि वजन ओळखीचं लागलं.

फोन करणार होते. पण मागच्या फोनला आपलं काय झालं ते तुला आठवत असेल. तू तब्येत विचारलीस, मी बरी आहे म्हटलं. मी काम विचारलं, तू चाललंय म्हणालीस. मग दोघीही गप्प, आणि शेवटी तू म्हणालीस, "ठेवू का, काकू?" फोन ठेवून मी रॅकवरची भांडी लावत बसले. ती आधीच लावलेली होती. म्हणून आता पत्र. पत्रात मला मधेच कोणी गप्प करत नाही, आणि तुलाही लगेच उत्तर द्यायची सक्ती नाही.

इकडची खबर म्हणजे, गुडघा आहे तसाच आहे. डॉक्टर म्हणतात जिने कमी करा. घर दुसऱ्या मजल्यावर आहे हे त्यांना सांगून झालं. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी नवा मिक्सर घेतला आहे आणि तो सकाळी सर्वांना ऐकवतात. मागच्या गॅलरीत येणारं मांजर अजून रविवारी येतं, कठड्यावर बसतं, माझ्या हाताकडे बघतं आणि काही मिळणार नाही असं दिसलं की तोंड फिरवून जातं. कोळंबीची सालं त्याने या घरात वर्षभर पाहिलेली नाहीत. एकटीसाठी कोळंबी कोण सोलत बसणार? डाळ-भात करते. तोही त्या छोट्या पातेलीत.

तू पहिल्यांदा त्या गॅलरीत बसलीस तो रविवार मला काल पुन्हा आठवला. स्वयंपाकातलं तुला ओ की ठो कळत नव्हतं, आणि ते तू लपवतही नव्हतीस, हे मला त्यातल्या त्यात बरं वाटलं होतं. आपण दोघी बुटक्या स्टुलांवर समोरासमोर, मधे पेपर, पेपरवर कोळंबीचा ढीग. मी माझ्या पद्धतीने सोलत होते. डोकं मुरगळायचं, साल ओढायचं, सुरीने पाठ चिरायची आणि आतला काळा धागा काढायचा. तू थोडा वेळ बघितलंस आणि विचारलंस, पाठ कशाला चिरायची? मी म्हटलं, मग काय, धाग्याला बाहेर यायची विनंती करायची? नव्या सुनेने यावर गप्प बसायचं असतं. तू उठलीस, पर्स घेऊन आलीस आणि तिच्यातून कवळ्या कोरायची एक वाकड्या टोकाची सुई काढलीस. ती उकळून घेतल्याशिवाय मी तुला कोळंबीला हात लावू दिला नाही. पण मग तू ती सुई पाठीच्या सांध्यात अलगद घातलीस, जराशी वर उचललीस, आणि अख्खा धागा न तुटता बाहेर आला. कोळंबी जशीच्या तशी. तुझे सासरे पेपर टाकून बघायला आले. त्यांनीच तुझं चिमटी हे नाव ठेवलं. तुझ्या हातात सुई होती, चिमटा नव्हता, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. पण त्यांना एकदा सुचलेलं नाव ते बदलत नसत.

त्यानंतरची मिठाची भानगड तुझ्याइतकी दुसऱ्या कोणाला माहीत नाही, तरी लिहिते. मला आठवायचं आहे. यांच्या रक्तदाबामुळे माझा हात मिठाला आखडता झाला होता. तू बिचारी आठवडेच्या आठवडे अळणी जेवत होतीस आणि चकार शब्द काढत नव्हतीस. एक दिवस हेच मला म्हणाले की अगं, ती पोर पानात चोरून मीठ घेते, आपल्याला बघून हात मागे घेते. मला वाईट वाटलं, पण तसं कोणाला दाखवायची माझी रीत नाही. त्या रविवारी मी गुपचूप कालवणात तुझ्या चवीचं मीठ घातलं, चांगलं सढळ हाताने, आणि नारळ वाटायला वळले. आणि तू? तू नेमका त्याच दिवशी धीर केलास. सासूबाईंना बोलून दाखवण्यापेक्षा आपणच हळूच घालावं म्हणून, माझी पाठ वळल्यावर तूही घातलंस. तेही सढळ हाताने.

पहिला घास घेतल्यावर टेबलावर जी शांतता पसरली, तशी शांतता मी फक्त परीक्षेच्या हॉलमध्ये पाहिली होती. तू माझ्याकडे बघत नव्हतीस, मी तुझ्याकडे बघत नव्हते, आणि दोघींनाही वाटत होतं की चूक आपलीच. तुझ्या नवऱ्याने तांब्याभर पाणी संपवलं. हे मात्र हसत सुटले. माझ्या नोकरीवरून म्हणाले, "रसायनशास्त्र शिकलेली बाई आयुष्यभर लोकांचं पाणी तपासते, आणि घरच्या पातेल्यात समुद्र येतो." मग खरं काय ते बाहेर आलं. त्या कालवणात बटाटे घातले, पाणी घातलं, आणखी नारळ घातला. ते वाढतच गेलं, आणि आठवडाभर आपण ते उपसत होतो. यांना पथ्यामुळे अंड्याची पोळी मिळाली आणि ती ते आपल्याला चिडवत चिडवत खात होते.

नियम त्यांनीच घातला. या घरात मीठ एकाच हाताचं, आणि तो हात धाकटीचा. मिठाचा मान सुनेला. मी वाद घातला की चव माझी, भांडं माझं, मग मीठ का नाही. ते म्हणाले, म्हणूनच. तेव्हापासून मी सगळं करायची. कांदा परतायचा, वाटण घालायचं, चिंचेचा कोळ, शेवटी कोळंबी, गॅस बारीक. आणि मग हाक मारायची, चिमटी, मीठ. तू असशील तिथून यायचीस. केस ओले असले तरी, ताप असला तरी. तळहातावर घेऊन बघायचीस, चिमूटभर परत बरणीत टाकायचीस, बाकीचं घालून एकदाच ढवळायचीस. चव बघायला मला द्यायचीस आणि मी कधी छान म्हटलं नाही. ठीक आहे, असं म्हणायची. ठीक आहे म्हणजे काय ते तुला कळत होतं, अशी माझी समजूत आहे. हे गेल्यावर पहिल्या रविवारी मला उठवत नव्हतं. कोळंबी तूच आणलीस, कांदा तूच चिरलास, आणि सगळं होत आल्यावर माझ्या खोलीच्या दारात येऊन म्हणालीस, आई, मीठ घालायचं आहे, हाक मारा ना. मी पलंगावरूनच हाक मारली.

तुमच्या दोघांचं का बिनसलं ते मी तेव्हा विचारलं नाही, आताही विचारत नाही. मला दिसत होतं. आधी तुम्ही भांडायचात, तेव्हा मला काळजी नव्हती. मग भांडणं थांबली आणि घर नीटनेटकं झालं, तेव्हा मी घाबरले. दूध चांगलं असतं, विरजण चांगलं असतं, तरी एखाद्या वेळी दही लागत नाही. दोष कोणाला द्यायचा? शेवटी शेवटी तुम्ही एकमेकांशी माझ्यामार्फत बोलायचात. त्याला सांगा, तिला विचारा. पण रविवारी मी हाक मारली की तू येत होतीस. ज्या रविवारी तू गेलीस, तेव्हाही मीठ घातलंस, हात धुतलेस, आणि मग बॅग उचललीस. या घरातलं काही नको म्हणालीस. मीच खाली येऊन ते पातेलं रिक्षात तुझ्या पायाशी ठेवलं. तू पाय बाजूला घेऊन त्याला जागा केलीस. तेवढ्यावर मी वर्ष काढलं. कोर्टाचे कागद झाले आणि पाठोपाठ पातेलं आलं.

आता गेल्या रविवारचं सांगते. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं. तो एका मुलीला घेऊन जेवायला आला होता. ती पोहायला शिकवते. लग्न करायचं म्हणतात. मुलगी चांगली आहे, सरळ बोलते, बोट ठेवायला जागा नाही. मी ती जागा शोधून पाहिली. त्याने आदल्या दिवशी फोन करून विचारलं होतं, आई, कोळंबी करशील? मी म्हटलं, बाजारात चांगली नाही. बाजारात मी गेलेच नव्हते. मी कोंबडी आणली. तिघांना पुरेल असं भांडं हेच, म्हणून तुझं पातेलं चढवलं. कांदा चांगला परतला, वाटण बारीक झालं, तेल सुटलं, कोंबडी शिजली. मी गॅस बारीक केला आणि ओट्याशी उभी राहिले. का उभी आहे ते मला कळलं नाही. मग हात पुसले आणि वाढायला घेतलं.

ती मुलगी दोनदा मागून जेवली. मी गुडघ्यामुळे सगळ्यांचं वाढून झाल्यावर बसले, म्हणून माझा घास उशिरा. तोंडात घातला आणि कळलं, रश्शात मिठाचा कणही नाही. वर बघितलं तर हा ताटाकडे बघत बसला होता. तो विसरला नव्हता, चिमटी. त्याने पातेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग उठला, मिठाची बरणी आणली आणि टेबलावर ठेवली. पातेल्यात घातलं नाही. ज्याचं त्याने आपापल्या पानात घेतलं. ती मुलगी म्हणाली, "मला वाटलं, तुमच्याकडे पथ्याचं जेवतात." मला हसू आलं, आणि ती मला तेव्हा आवडली. ती या घरात आली तर तिचा मान तिला मिळेल, चिंचेचा, नारळाचा, कशाचाही. पण दिलेला मान काढून दुसऱ्याला द्यायची या घराची रीत नाही.

ते दोघं निघाले तेव्हा मी त्याला सांगितलं की पुढच्या रविवारी मी घरी नाही. कुठे जातेस, म्हणाला. मी सांगितलं. त्याने चप्पल घालायला बराच वेळ लावला आणि मग खाली बघतच म्हणाला, "कोळंबीची डोकी टाकू नकोस. तिला आवडतात."

तर हे पत्र एवढ्यासाठी की तू पाठवलेलं पातेलं मी ठेवून घेत नाही. ते या घरचं आहे हे तुझं म्हणणं बरोबर आहे. पण या घरचं म्हणजे कोणाचं, हे ठरवायला मी अजून जिवंत आहे. कोर्टात सह्या तुम्ही दोघांनी केल्या. माझी सही कोणी मागितली नाही आणि मागितली असती तरी मी दिली नसती. रविवारी सकाळी मी रिक्षाने तुझ्याकडे येते आहे. पातेलं असेल, म्हणून खाली उतरून ये; गुडघ्याचं वर लिहिलंच आहे. ती वाकडी सुई उकळून ठेव. मला काकू म्हणायचं असेल तर म्हण, पण जेवण झाल्यावर म्हण. कोळंबी, कांदे, नारळ, चिंच सगळं मी घेऊन येते. मीठ आणणार नाही.

तुझीच,
आई