घरच्या प्रतीत नसलेला माणूस

पनवेल
दि. १८ फेब्रुवारी २०२४

प्रिय रचनाताईस,
सप्रेम जयभीम वि. वि.

फोन का नाही केला म्हणून रागावू नकोस. मोकलसाहेबांचा सिनेमा बघितला की तो पत्रातून कळवायचा, फोनवर नासवायचा नाही, हा बाबांचा कायदा. मी नर्सिंगला पनवेलला आले तेव्हापासून ते मला त्यांच्या प्रत्येक सिनेमाचं पत्र लिहायचे आणि माझं उत्तर दोन ओळींचं आलं तर आठवडाभर फुगून बसायचे. लिहिणारे गेले, पण कायदा कोणी रद्द केलेला नाही.

तर काल 'उधाणरेषा' बघितला. आपल्याकडे कुठे लागलाच नाही, आणि इथेही सगळी मिळून दहा-बारा टाळकी, त्यातलं एक घोरत होतं. या शुक्रवारी उतरणार म्हणे. जयसिंह मोकल म्हातारे झाले गं. गुडघा दुखतो हे चालताना लपत नाही. डोळे मात्र तेच. मध्यंतरापर्यंत मी नुसतं आपलं गाव ओळखत बसले. सुरूचं बन दिसलं, ठमाबाईंच्या वाडीचं कुंपणसुद्धा दिसलं, पण बाबा काही दिसेनात. गावातल्या त्या शूटिंगवरून आले तेव्हा काय काम केलं ते सांगितलं का त्यांनी? गोष्ट आधी फोडायची नाही, पडद्यावर बघा, हेच. आणि पडद्यावर यायच्या आधी दिवाळीत स्वतःच निघून गेले. मला धाकधूक होती की कापले असतील.

नाहीत कापले! मोकल तहानलेले बांधावरून येतात आणि आपल्या घरासमोर थांबतात. ओट्यावर बाबा. तोच निळा सदरा, बटण तुटलेला. मोकल पाणी मागतात. बाबा त्यांच्याकडे बघतात आणि विचारतात की आमच्या घरचं पानी चालंल ना? इतकं साधं विचारतात, जेवलात का म्हटल्यासारखं. मोकल खाली बसतात आणि ओंजळ पुढे करतात. मग बाबा घराकडे मान वळवतात आणि आईला हाक मारतात, पाणी आण म्हणून. आणि ताई, नाव घेऊन! सगुणा म्हणून! मी मोठ्यांदा रडले, तो घोरणारा जागा झाला.

आईला हे पत्र दोनदा वाचून दाखव. तिच्या पायाचं हाड जुळेपर्यंत तिला इथे आणता येत नाही याचं फार वाईट वाटतं. घरी बघायला मिळेल तेव्हा ती ऐकेलच.

लोभ असू दे, आणि लाल मिरची धाडायला विसरू नकोस.
तुझी,
दीक्षा

---

दिवेआगर
दि. २७ फेब्रुवारी २०२४

चि. दीक्षास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. दोनदा नाही, चारदा वाचून घेतलं आईने. पहिल्यांदा म्हणाली की येडी झालीय ती, त्यांनी नाव घ्यायला मी काय मेले होते? चाळीस वर्षांत मला अगो नाहीतर रचनाची आय याशिवाय हाक मारली न्हाय त्यांनी. पण सुपारी सोलत होती ती हातातच राहिली. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर कुंपणाशी काठी टेकून उभी, ठमाबाईंना सांगत होती. ठमाबाईंना सांगितलं म्हणजे दवंडीच झाली. जेवताना मध्येच हसते. बाबा गेल्यापासून तिला हसताना मी बघितलं नव्हतं.

वाडीतल्या गुणाजीकाकांना मात्र पोटदुखी. शूटिंगला दोरीच्या पलीकडून आपण स्वतः बघत होतो, दत्ताराम नुसता हुभा हाय आणि कॅमेऱ्याचं तोंड भलतीकडंच हाय, असं ते बाबांबद्दल पहिल्यापासून सांगत आले आहेत. आता म्हणतात की एकट्या दीक्षालाच बरा दिसला. आई म्हणाली, येऊ दे सिनेमा घरी, मग दाखवते.

शेजारच्या हितेशने माहिती काढली आहे. मे महिन्यात मोबाइलवर येणार. बुद्धपौर्णिमेला विहाराच्या भिंतीवर सगळ्या वाडीला दाखवायचा असं ठरलंय, प्रोजेक्टर मी शाळेतून आणते. बाबांचा नियम लागू: पहिला खेळ सगळ्यांनी एकत्र बघायचा, आधी चोरून बघेल त्याला नारळाचा दंड. हितेशला शपथ घातली आहे.

तुला सुट्टी मिळाली तर ये. माया असावी.
तुझी ताई,
रचना

---

दिवेआगर
दि. २५ मे २०२४

चि. दीक्षास,
अनेक आशीर्वाद.

तू ड्यूटीवर अडकलीस ते एका परीने बरं झालं. वंदना झाल्यावर खेळ सुरू केला. विहार भरलं होतं. हितेश आणि त्याचा मित्र प्रथमेश यांनी आईला खुर्चीसकट उचलून आणलं आणि अगदी पुढे बसवलं. पांढरी साडी, केसाला तेल. बाबांच्या फोटोपुढची मेणबत्ती तिने स्वतः लावली.

मोकल बांधावरून आले. ओठ चाटले. आपल्या घराकडे बघितलं. आणि लगेच ते खाडीच्या धक्क्यावर होते, तोंड पुसत.

तोंड पुसत होते गं. पाणी प्यायले, पण कोणाकडे ते नाही. ओटा नाही, बाबा नाहीत. लोकांना वाटलं पुढे येईल. संपेपर्यंत सगळे वाट बघत राहिले. आईने हितेशला मागे घ्यायला सांगितलं. त्याने घेतलं. परत बांध, परत धक्का. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा बायका उठून पोरांना घरी न्यायला लागल्या. गुणाजीकाका नुसते चप्पल शोधत हसले. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

मी वर्गावर जायच्या आधी पहिलीचा धडासुद्धा वाचून जाते. हा सिनेमा आधी एकदा बघायला काय झालं होतं? पण बाबांचा नियम. आणि तो मोडेल असं आपल्या घरात कोणी जन्माला आलं नाही.

घरी आल्यावर आई म्हणाली की दीक्षाला काही बोलू नको, पोरीनं माझं मन राखायला केलं. पण नावाचं घालायला नको होतं. तेवढं नसतं तर मी शेवटपर्यंत खरं मानलं असतं.

मला काय लिहावं सुचत नाही. जिवाला जप.
रचना

---

पनवेल
दि. ६ जून २०२४

प्रिय ताईस,
सप्रेम जयभीम.

मी खोटं बोलले? मी? आईचं मन राखायला मी तिला साडी पाठवीन, मेलेल्या बापाच्या तोंडी शब्द घालीन का?

मीही ती मोबाइलवरची प्रत बघितली. बांध, मग धक्का. मग सिनेमा दाखवणाऱ्या कंपनीला फोन लावला. तीन माणसं बदलून एक बाई मिळाली, गोड बोलली. म्हणे ही घरी बघायची आवृत्ती आहे, जातीवरून वाद होऊ शकेल असा भाग काळजी म्हणून वगळला आहे. मी विचारलं, तक्रार कोणाची? तर म्हणे अजून कोणाची नाही, येऊ नये म्हणूनच. म्हणजे बाबांनी पाणी चालेल का विचारलं त्याचा त्रास कोणालाही झालेला नाही. होईल म्हणून त्यांना काढून टाकलं. थिएटरातली प्रत बाहेर देत नाहीत. मी रडले तर लाइन कट झाली.

मग मोकलसाहेबांच्या चाहत्यांचा मोबाइलवर ग्रुप आहे तिथे विचारलं. तिथे आधीच रणकंदन चाललं होतं. हाणामारीतलं रक्त कापलं, एक शिवी मुकी केली, साहेबांचा अपमान झाला. बाबांचं कोणाच्या गावीही नव्हतं. रत्नागिरीच्या एका भाऊंना एवढं आठवलं की व्हय, पाणी देणारा कोणी म्हातारा होता. काय बोलला ते आठवत नाही, ते तेव्हा मुलाला बाथरूमला घेऊन गेले होते. दोघांनी लिहिलं की असा सीन नव्हताच, ताई दुसरा सिनेमा बघून आल्या. मोकलसाहेबांनाही सविस्तर पत्र लिहिलं. उत्तरादाखल त्यांचा फोटो आला, सही छापलेली. लहानपणापासून देव मानला या माणसाला. फाडून टाकला.

त्या दिवशी मोबाइल काढून तेवढंच टिपून घेतलं असतं! पण मोकलांचा सिनेमा चालू असताना मोबाइल काढायचा नाही हे वळण.

रत्नागिरीच्या भाऊंचं आईला सांग. मी ऐकलं म्हणजे ऐकलं, हेही सांग.
तुझी,
दीक्षा

---

दिवेआगर
दि. २३ जून २०२४

चि. दीक्षास,
आशीर्वाद.

सगळं सांगितलं. आई म्हणाली की म्हातारे काय कमी हायत दुनियेत.

तिचं आता बरं नाही. हितेशकडून सिनेमा तिच्या मोबाइलवर घालून घेतला आहे आणि दिवसभर तेवढाच तुकडा लावते. बांध आला की मोबाइल कानाला लावते. काही ऐकू येत नाही, मग परत. भाकरी कुस्करून तशीच ठेवते. डॉक्टर म्हणतात की हाड जुळलंय, चालायला हवं, पण ती उठत नाही.

परवा मला जे विचारलं ते जसंच्या तसं लिहिते. म्हणाली की नाव खोटं असंल तर पानी पण खोटं, ओटा पण खोटा. मग ते शूटिंगला होते तरी का? का गुणाजी म्हणतो तेच खरं, आणि हा माणूस वरीसभर माझ्याशी खोटं बोलला? दीक्षा, तिचा संशय आता तुझ्यावरून त्यांच्यावर आला आहे. ज्या माणसाने आयुष्यात एक सुपारी दुसऱ्याच्या वाडीतली उचलली नाही त्याच्यावर!

तिला नावाचंच अडतं. ते तिच्या नवऱ्याचं वाटत नाही, म्हणून त्याच्यामागून बाकीचं सगळं ढासळतं. मला एकच मार्ग दिसतो. नाव मी पदरचं घातलं, बाकी सारं घडलं, असं तू तुझ्या हाताने लिहून पाठव. मग तिला बाबा तरी राहतील.

आणि एक विचारते, मोठी बहीण म्हणून, राग धरू नकोस. अंधारात, रडताना, माणसाला हवं ते ऐकू येतं. तू खरंच ऐकलंस ना?
रचना

---

पनवेल
दि. २ जुलै २०२४

प्रिय ताईस,
सप्रेम जयभीम.

सोबत वेगळा कागद आहे, तो आईला वाचून दाखव. त्यात लिहिलंय: आई, मी चुकले. नाव मी माझ्या मनचं घातलं, तुला बरं वाटावं म्हणून. बाकी सगळं खरं आहे. बाबा ओट्यावर होते, निळा सदरा होता, पाणी चालेल का म्हणून त्यांनीच विचारलं आणि मोकल त्यांच्यापुढे खाली बसले. हाक मारली ती अगो म्हणून. मला माफ कर.

हे लिहायला मला पाच दिवस लागले. 

तू विचारलंस म्हणून तुला सांगते. अगो म्हणाले नाहीत. सगुणा म्हणाले. नटासारखे नाही गं. संध्याकाळी वीज गेल्यावर माणूस घरात आहे ना हे बघायला जशी हाक मारतो तशी. त्यांना बहुतेक कोणीतरी सांगितलं असेल की बायकोला हाक मारा, आणि परक्या माणसांत अगो म्हणायची लाज वाटली असेल. किंवा मनात ते नेहमी तसंच म्हणत असतील. ते कोणाला विचारू आता?

तुझं ते अंधारात ऐकू येण्याचं वाक्य मनातून जात नाही. कधी कधी मीही ती हाक आठवायला जाते आणि तिच्यात माझाच आवाज येतो. म्हणून तुला हे लिहून टाकलं, अजून खात्री आहे तोवर.

तुला लिहिलेलं हे पत्र मात्र वाचून चुलीत घाल.
तुझीच,
दीक्षा

---

दिवेआगर
दि. ११ जुलै २०२४

(आई बोलते तसंच लिहिते आहे. रचना)

चि. दीक्षास आईचा आशीर्वाद.

तुझा कागद रचनानी वाचला. रडू नको. तू सांगितलंस ते बरं केलंस, मला वाटलंच व्हतं. तो माणूस तसा नव्हताच. अगो म्हनाले असतील, बरोबर हाय, तेच त्यांचं. आता मला समदं पटलं. ओट्यावर ते बसले व्हते, पानी त्यांनीच इचारलं. गुणाजीला मी तोंडावर सांगून आले, काठी टेकत त्याच्या दारापातुर गेले. 

भाकरी खाते. रात्री झोप लागते. माझी काळजी करू नको.

तुझ्यावर राग न्हाय. पन एक ऐक. यापुढं त्यांचं काय आठवलं तर ते मला सांगत जाऊ नको. रचनाला सांग, नायतर मनात ठेव. तू सांगितलंस की त्यातलं तुझं किती आनि त्यांचं किती, ते मला कळत न्हाय, आनि मग मी दिसभर तेच निवडत बसते.

ते नाव तू लिवलंस तवापासून मला रोज ऐकू यायचं. न्हाणीत, वाडीत, भाकरी थापताना. मी व्हय म्हनून उठायची सुदिक. तुझा कागद आल्यापासून येत न्हाय. घर गप झालंय. बरं झालं, बाये. खोट्या हाकेला किती दिस ओ देनार?

मिरच्या बांधून ठेवल्यात, एसटीनं पाठवते. जेवत जा.
तुझी,
आई