डाव्या पेडलाने पुढे

मी, खाली सही करणारा, वय चोपन्न, आज पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शस्त्रक्रिया सोमवारी आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर व बँकेतील ठेवी पत्नीच्या. त्यात कोणाचाही हिस्सा नाही.

२. जॉयस्टिक, स्टिअरिंग, बटणपेट्या संगणकाला जोडणारे मी घरी बनवलेले एकतीस सर्किट बोर्ड आमच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या हौशी मंडळाला द्यावेत. हे काम मी कोणाकडे शिकलो नाही. स्वस्त बटण एकदा दाबले तरी संगणकाला तीनदा दाबल्यासारखे वाटते. माझ्या एकाही बोर्डावर तसे होत नाही, तपासून न्यावेत.

३. धाकटा भाऊ पदवीधर इंजिनियर आहे. "दादा, हे सगळं बाजारात तयार मिळतं रे," असे तो माझ्याच टेबलावर बसून चारचौघांत म्हणाला होता. मल्टिमीटर व सोल्डरिंग आयर्न त्याला द्यावे. विजेची लहर पडद्यावर दाखवणारा माझा ऑसिलोस्कोप सहा वर्षे त्याच्याकडेच आहे, तो राहू द्यावा.

४. हे कलम नीट वाचावे. पत्नी रेकॉर्डिंग ऐकून मजकूर टाइप करून देते. रेकॉर्डिंग पुढेमागे करायला मी तिला दोन पेडलांची पेटी करून दिली. डाव्याने मागे, उजव्याने पुढे, असे ठरवले होते. तारा जोडताना माझ्याकडून उलट झाले. पेटी साफ करताना हे मला नऊ वर्षांनी दिसले. तिला न सांगता मी ते सुधारले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती खोलीत आली.

"अहो, पेटीला काय केलंत?"

"दुरुस्त केली."

"मग बिघडवा परत. सकाळपासून तीनच पानं झालीत. माझे पाय काय तुमचा नकाशा वाचून चालतात?"

मी परत बिघडवली.

माझ्यामागे भाऊ ती पेटी उघडेल. त्याला चूक दोन मिनिटांत सापडेल आणि वहिनीला मदत म्हणून तो ती काढून टाकेल. पत्नी मला दटावते, दिराला नाही म्हणत नाही. म्हणून येथे लिहितो: त्याने पेटीला हात लावू नये. चूक माझी आहे, हे लेखी मान्य आहे. हवे तर त्याने तेही चारचौघांत वाचून दाखवावे.

पेडलांखालची बटणे दहा-बारा वर्षांत झिजतात. तशाच उलट जोडणीच्या आणखी दोन पेट्या करून कपाटात ठेवल्या आहेत. प्रत्येक पेटी तिने तासभर चालवली आणि काही बोलली नाही. म्हणजे त्या बरोबर आहेत.

आमच्यासमक्ष सही झाली:
१. समोरचे शिंपी
२. घरचे डॉक्टर

सही: स्वतः, चष्मा लावून
स्थळ: राहत्या घराची मागची खोली
दिनांक: १४ मार्च, शुक्रवार