सतराव्या प्रश्नाचं उत्तर

सरावली, गुरुवार

प्रिय पूर्वी,

हे पत्र मुद्दाम तुझ्या खोलीवर पाठवतोय, ऑफिसात नाही. बापाने हाताने पत्र लिहिलं म्हणजे घरात काहीतरी झालं असं समजून घाबरू नकोस, आम्ही दोघंही धडधाकट आहोत. फोन केला असता तर तू मला मध्येच तोडलं असतंस आणि मी नेहमीसारखा ‘बरं बरं’ करत गप्प बसलो असतो. म्हणून हा खटाटोप.

बावन्नाव्या वर्षी परीक्षेला बसायची वेळ आली, याचा राग मी तुझ्याकडे पोटभर काढलाच होता. पंचवीस वर्षं तारापूरच्या कारखान्यांना पंपाची सीलं विकतोय, आणि आता मला विकता येतं की नाही हे कॉम्प्युटर ठरवणार! आमच्या मालकांनी, निमेशभाईंनी, आम्हा अकराही सेल्सवाल्यांना बसवलं. चाळीस प्रश्न, मिळून शंभर गुण, आणि साठच्या खाली गुण पडले की महिनाअखेरीला घरी. परीक्षा पुण्याच्या कंपनीने बनवलेली, आणि ती कंपनी नेमकी तुझी. खरं सांगतो, मी टरकलो होतो. चार दिवसांत तुला चार फोन केले आणि प्रत्येक वेळी ‘सहज केला’ म्हटलं. ते न कळायला तू काय कुकुलं बाळ आहेस? पाचव्या दिवशी चाळीसही उत्तरं मोबाइलवर आली, खाली ‘वाचून पुसून टाका’. मी मागितली नव्हती, पण नकोही म्हटलं नाही. तुझ्या आईला नवीन मालाची माहिती वाचतोय असं सांगून दोन दिवस ती घोकली.

सतरावा प्रश्न तुला आठवत असेल. गिऱ्हाइकाने विचारलं नसेल, तरी मालातली उणीव आपण होऊन सांगाल का? तिथे माझा हात थांबला. तुझी आजी आठवली. पालघरच्या बाजारात टोपली उतरवली की ती आधी मासळीचा कल्ला उचलून दाखवायची, लाल असो की फिका. फिका असला तर स्वतःच म्हणायची, ‘ही कालची हाय, कालवणाला चालंल, तलायला नेऊ नको.’ बाकीच्या बाया तिला वेड्यात काढायच्या, पण तिची टोपली सगळ्यांच्या आधी रिकामी व्हायची. मी धंदा तिथेच शिकलो. हे सील गरम ॲसिडला टिकणार नाही, हे मी विचारायच्या आधी सांगतो. न सांगितलं तर एखाद्या दिवशी पंपाजवळ उभ्या माणसाच्या अंगावर ॲसिड उडेल. तुझ्या यादीत मात्र उत्तर होतं, ‘नाही, आधी फायदे पटवून द्यावेत.’ मी ‘नाही’वर टिचकी मारली आणि पुढे गेलो.

दोन-तीन उत्तरं विसरलो, तरी मला ब्याण्णव मिळाले, सगळ्यांत वर. पेढे वाटले गं मी, लाज कशी वाटली नाही कोण जाणे.

आमच्याकडे जमुना आहे, तिच्याबद्दल मी तुला मागे सांगितलं होतं. मनोरच्या पलीकडच्या पाड्यावरची, घरातली पहिली पगारदार. चार वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली आली, तेव्हा कारखान्याच्या गेटवर वॉचमनशी बोलायलाही बिचकायची. तिला कल्ला उघडायला मी शिकवलं. आज छोट्या कारखान्यांतले लोक माझ्याऐवजी तिलाच फोन करतात, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. तिला सत्तावन्न मिळाले. प्रत्येकाला आपापला कागद मिळाला होता, कुठे गुण गेले ते लिहिलेला. ती तो घेऊन माझ्या टेबलाशी आली. सतराव्या प्रश्नाचे चार गुण गेले होते, ते मिळाले असते तर ती पास होती. चिडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, “सर, मी तुमी शिकवलं तेच लिवलं. तुमी काय लिवलं?”

पूर्वी, पाणी प्यायच्या निमित्ताने उठलो तो सरळ गेटबाहेर गेलो. दोन दिवस जेवण गेलं नाही. तुझी आई म्हणाली डॉक्टरला दाखवा. तिलाच आधी सगळं सांगितलं. ती तुझ्यावर चिडली, मग माझ्यावर, आणि शेवटी म्हणाली की त्या पोरीचं वाटोळं करून मिळालेल्या पगाराचं अन्न मी रांधणार नाही.

काल सकाळी निमेशभाईंच्या केबिनमध्ये गेलो आणि सांगून टाकलं की उत्तरं मला आधीच ठाऊक होती. त्यांनी परीक्षा रद्द केली. जमुनाला काढायचं पत्र टाइप होऊन पडलं होतं, ते थांबवलं. पंधरा दिवसांनी सगळ्यांची नवी परीक्षा, आणि सतराव्या प्रश्नाचं ठरवलेलं उत्तरच चुकीचं आहे, हे माझं म्हणणंही त्यांनी ऐकून घेतलं. मला सांगितलं, बोलावेपर्यंत घरी बसा. बोलावतील असं मला वाटत नाही.

उत्तरं कुणी दिली, हे त्यांनी तीनदा विचारलं. मी खोटं बोललो नाही, नुसता गप्प बसलो. तुझं नाव माझ्या तोंडून येणार नाही. पण सोमवारी दहा वाजता ते तुझ्या कंपनीला लिहिणार आहेत, आणि मग तिथे चौकशी होईल, कदाचित भलत्याच कुणाच्या गळ्यात पडेल. हे पत्र तुला शनिवारी मिळेल. त्यांनी विचारायच्या आधी तू स्वतः तुझ्या साहेबांना सांग. नोकरी जाईल, बहुतेक जाईलच, आणि ती माझ्या भित्रेपणामुळे जाईल. बापाने पोरीकडे असं काही मागू नये. तरी मागतोय. सांगून झालं की बॅग भरून घरी ये. बोईसर स्टेशनवर मी उभा असेन, कितीही वाजता.

तुझाच,
बाबा